नको म्हणणाऱ्याच्या नावाची मंडई

सहा-सात वर्षांची होईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की फुले मंडईत फुलं मिळत असणार. नावच तसं. रविवारी सकाळी आजोबा दोन कापडी पिशव्या घेऊन निघायचे आणि मी त्यांचं बोट धरून. आत शिरलं की वांगी, दुधी, कोबी, बटाट्यांचे डोंगर. फुलं बाहेर, रस्त्याच्या कडेला, चार टोपल्यांत. एवढ्या मोठ्या दगडी इमारतीला बाहेरच्या चार टोपल्यांचं नाव कुणी आणि कशाला दिलं असेल, हे कोडं काही सुटेना. शेवटी एका रविवारी विचारलंच.

"अगं, ते फुलांचं नाव नाही. माणसाचं आहे. जोतीराव फुले."

"त्यांनी बांधली का मंडई?"

"छे! बांधू नका म्हणाले होते ते."

आजोबा शाळामास्तर होते. अर्धं उत्तर द्यायचं आणि उरलेलं मुलांनी शोधायचं, ही त्यांची जुनी खोड. एवढं बोलून ते गवारीच्या ढिगाकडे वळले. माझा घोळ मात्र वाढला. आमच्या घरी एखादी गोष्ट नको म्हटली की ताट पुढून उचललं जायचं. आणि इथे नको म्हणणाऱ्याचंच नाव दारावर!

उरलेलं अर्धं उत्तर सापडायला मला चाळीसेक वर्षं लागली. तेही मंडईत जाणं जवळजवळ बंद झाल्यावर.

मंडईच्या आधीही पुण्यात मंडई होतीच, शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. पेशवाई गेली, १८२८ च्या आगीत वाडा आतून जळून गेला, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा तेवढा उरला. त्या दरवाज्यासमोर भाजीवाले बसायचे. ज्या दारातून स्वाऱ्या निघायच्या त्याच्या पुढ्यात मेथीच्या जुड्या, हे दृश्य मला फार आवडतं. पण मी काही तिथला चिखल तुडवलेला नाही. पावसाळ्यात राड, उन्हाळ्यात धूळ आणि बारा महिने कुजलेला पाला. नगरपालिकेला ते खुपणं साहजिक होतं. शिवाय मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलेलं, आणि मुंबईत झालं म्हणजे पुण्यानं गप्प बसायचं नसतं. मग शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांची जागा घेतली. १८८२ मध्ये काम सुरू झालं आणि १८८६ मध्ये पुरं झालं. आराखडा वॉल्टर ड्युकाट या साहेबाचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत बांधणारे ते हेच कानिटकर. मंडईचा खर्च झाला सुमारे ३ लाख रुपये.

त्या काळचे ३ लाख. याच आकड्यावर जोतीराव अडले.

१८७६ पासून काही वर्षं ते नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा दगडमातीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. सभेत एकटं पडण्याची त्यांना सवय होती. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये मंजूर करायचे होते, तेव्हाही विरोधात मत पडलं ते एकट्या फुल्यांचं.

आता कुणी म्हणेल, बाजाराला विरोध करणाऱ्या सुधारकाला बाजारातलं काय कळत होतं? तर सगळंच कळत होतं. घराणं मूळचं गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम घरात आलं आणि फुले हे नाव चिकटलं. म्हणजे लहानपणीची माझी समजूत अगदीच चुकीची नव्हती, मंडईच्या नावात फुलं होती, फक्त दोन-तीन पिढ्या मागे. वडील गोविंदरावांचा पुण्यात फुलं-भाजीचा धंदा. खुद्द जोतीराव कंत्राटदार. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध होता. दगड कितीला पडतो आणि चुना कितीला, हे त्या सभेत बसलेल्या वकील-सावकारांपेक्षा त्यांना नक्कीच जास्त ठाऊक असणार. भाजीवाल्याचा मुलगा आणि बांधकामाचा कंत्राटदार, तोच भाजीबाजाराच्या बांधकामाला नको म्हणतो, तेव्हा त्याकडे जरा थांबून पाहायला हवं.

याच सुमारास, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मंडईचं काम तेव्हा ऐन भरात होतं. त्यात एक जागा आहे: शेतकरी गाडीभर माळवं घेऊन शहरात येतो. नाक्यावर नगरपालिकेची जकात. बाजारात वजनात मारणारा दलाल. सगळा माल दोघांच्या भरीला घालून, वर गाडीभाडं पदरचं भरून तो घरी जातो आणि मुलाबाळांपुढे शिमगा करतो. हे वाचल्यावर मला त्यांचा विरोध नुसता 'शाळा हव्यात, बाजार नको' एवढा वाटेनासा झाला. ज्याच्या जकातीतून नगरपालिकेची तिजोरी भरते, त्याच्याच पैशातून मनोरा उभा राहणार आणि त्याच्या पोराला शाळा मात्र नाही, असा तो हिशेब होता. हिशेब चुकला होता असं मला आजही वाटत नाही. आणि मंडई झाली नसती तर मला चाललं असतं का? मुळीच नाही.

फुल्यांचं न ऐकता मंडई झाली. १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि नाव पडलं रे मार्केट. वाड्यासमोरचे विक्रेतेही काही हौसेनं इथे आले नाहीत, त्या हलवण्यालाही विरोध झाला. साहजिक आहे. आभाळाखाली बसायला फारसं काही लागत नाही, छपराखाली बसलं की गाळ्याचं भाडं सुरू होतं. आणि गिऱ्हाइकाचे पाय जुन्या वाटेला लागलेले असतात, ते नव्या जागी वळतील याची हमी कोण देणार? पेठेतला माणूस तर चपलेचं दुकानसुद्धा बदलत नाही.

पण आले. आल्यावर त्यांनी त्या इमारतीचं काय केलं ते बघण्यासारखं आहे.

मधोमध अष्टकोनी मनोरा, ८० फूट उंच. त्याच्या भोवती चहूकडे पसरलेले लांबच लांब सोपे. काळा दगड, टोकदार कमानी, वर उतरतं कौलारू छप्पर. लांबून पाहिलं तर विलायतेतलं चर्च वाटावं. देवळात जाताना चपला काढतो तशा इथेही काढायच्या का, असं मी एकदा विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "चपला राहू देत, बडबड काढून ठेव." आत मात्र चर्चची शांतता वगैरे काही नाही. छपराखाली आवाज घुमतो. दहा जण भाव पुकारतात आणि ऐकू येतात शंभर. उंचावरून तिरप्या पट्ट्यांनी ऊन येतं आणि त्या उन्हात कांद्याच्या सालींचे तुकडे तरंगत असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथे विकणारा उंच बसतो. गाळे ओट्यांवर आहेत. पायऱ्या-पायऱ्यांनी भाजी रचलेली, सगळ्यात वर मांडी घालून भाजीवाली, डोक्यावर लोंबता दिवा, हाताशी तराजू. गिऱ्हाइकानं खाली उभं राहून मान वर करायची आणि पिशवी वर धरायची. रस्त्यावर भाजीवाली आपल्या पायाशी बसते, आपण वाकून तिच्या मालाला नावं ठेवतो. सुपरमार्केटात तर कुणी बसलेलंच नसतं. मंडईत मात्र वरून विचारलं जातं, "काय पाहिजे?" आणि विचारण्याचा सूर असा, की काहीतरी पाहिजेच असायला हवं. पुणेरी दुकानदाराच्या तुसडेपणावर एवढे विनोद झालेत, पण त्यातला थोडा वाटा या ओट्यांना द्यायला हवा. बैठकच तशी आहे.

आजोबांचे नियम ठरलेले. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. पूर्ण चक्कर मारायची, भाव कानावर घ्यायचे, कुणाकडे विचारायचंही नाही. दुसऱ्या फेरीत खरेदी. भेंडीचं टोक मोडून बघायचं नाही. ते मोडणाऱ्या माणसाला वरून जे ऐकावं लागायचं ते मी दोन-तीनदा ऐकलं होतं. भाव एकदाच करायचा, तो जमला नाही तर पुढे जायचं आणि मागे वळून बघायचं नाही. पाठीमागून "अहो मास्तर, या, न्या" अशी हाक आली तर जिंकलो. नाही आली तर त्या आठवड्यात फरसबी नाही. त्यांची ठरलेली भाजीवाली होती. ते तिला 'बाई' म्हणायचे, ती त्यांना 'मास्तर'. तिच्या मुलाला ते कधीमधी गणितं घालायचे, तिथेच, बटाट्याच्या पोत्यावर पाटी ठेवून. आपण फुल्यांच्या नावाच्या इमारतीत शिकवणी घेतोय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, कोण जाणे. आलं असतं तरी बोलले नसते.

नावांची मात्र इथे फार मजा आहे. क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावानं उभं राहिलं तो आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो बढती मिळून पुण्याला मध्य विभागाचा आयुक्त झाला, आणि १८८८ मध्ये त्याच्यावर मामलेदारांकडून बदल्या-बढत्यांसाठी पैसे खाल्ल्याचा आरोप आला. चौकशी लावली कुणी? गव्हर्नर लॉर्ड रे यांनी! म्हणजे एका मंडईच्या नावानं दुसऱ्या मंडईच्या नावाची चौकशी केली. लाचखोरी सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जं उचलल्याबद्दल साहेबाची नोकरी गेली. त्या प्रकरणात ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं होतं, त्यांच्यावर संकट आलं तेव्हा त्यांची बाजू टिळकांनी घेतली.

पुढे काय झालं बघा. रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी ते घडवून आणलं. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटलाही कालांतरानं महात्मा जोतिबा फुले यांचंच नाव मिळालं. चौकशी करणारा आणि चौकशीला बसलेला, दोघांच्याही पाट्या उतरल्या आणि दोन्हीकडे नाव लागलं ते मंडईच्या खर्चाला नको म्हणणाऱ्याचं. मुंबईकरांनी तरी अजून क्रॉफर्ड सोडलेला नाही, टॅक्सीवाल्याला तेच सांगतात. पुण्यात मात्र रे साहेबाचं नाव पुसून गेलं. ते उरलंय मुंबईत, हार्बर लाइनवरच्या रे रोड स्टेशनाला, आणि तिथे उतरणाऱ्या कुणाला त्याचं काही देणंघेणं असेल असं वाटत नाही.

आणि पुण्यात तरी 'महात्मा फुले मंडई' असं कोण म्हणतं? रिक्षावालासुद्धा विचारतो, "मंडई का?" बस्स. गावात मंडया किती झाल्या तरी मंडई एकच. पूर्वी तिला विद्यापीठही म्हणायचे. मंडई विद्यापीठ. निवडणुकीत कोण पडणार, कुणाचं कुणाशी आतून जमलंय, हे वर्तमानपत्रात यायच्या आधी गाळ्यांवर ठरायचं. मतदारसंघाचा अंदाज हवा असेल तर मंडईत जाऊन पाव किलो मिरच्या घ्या, असं आजोबा म्हणायचे. मिरच्या घरात होत्या तरी ते निवडणुकीच्या दिवसांत रोज मंडईत जायचे. आजीनं शेवटी त्या मिरच्यांचं लोणचं घातलं.

मंडईच्या अंगणात टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. फुले आणि टिळक हे दोन पक्ष आमच्या शहरात अजून मिटलेले नाहीत. कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत काढता येतात. पण १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकर अडकले, तेव्हा त्यांना दहा हजारांचा जामीन राहिले ते रामशेठ उरवणे फुल्यांचे स्नेही, आणि तो जामीन जमवण्यात फुल्यांचा हात होता. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीची सुरुवात होते ती याच पुतळ्याला हार घालून. सकाळी मानाचा कसबा गणपती इथून निघतो आणि शेवटचा गणपती बुडेपर्यंत दुसरा दिवस कलंडायला आलेला असतो. मंडईचा स्वतःचा गणपती १८९४ पासूनचा, शेजारी शारदा बसलेली. भाजीबाजाराच्या देवाशेजारी विद्येची देवी कशी आली, हे मी कुणाला विचारलेलं नाही. मला ते आवडतं, एवढं पुरे.

मंडईला कॅलेंडर लागत नाही. भोगीच्या आधी दोन दिवस पावटा, गाजर, ओला हरभरा, वांगी, बोरं आणि उसाची करवं एकत्र दिसली की पौष ओळखावा. आषाढीला रताळ्यांचे ढीग. हरितालिकेला पत्री घेऊन बसलेल्या बायका. त्यांच्या सोळा पानांतली पाच-सहा कुठल्याही झाडाची असतात हे त्यांनाही ठाऊक आणि घेणाऱ्यांनाही. गणपतीत केवडा. चातुर्मासात वांग्याकडे पाठ फिरवलेली घरं चंपाषष्ठीला एकदम भरताची वांगी मागायला लागतात, त्या दिवशी वांग्याच्या गाळ्यासमोर उभं राहून माणसांचे चेहरे बघावेत. थंडीत ओली हळद आणि आंबेहळद. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिल्या कैऱ्या, आणि मग त्या कैऱ्या फोडून देणारे लोक, मांडीखाली विळी, भोवती बायकांचा घोळका. लोणच्याची कैरी आपण घरी फोडायची नसते, ती मंडईतूनच फोडून आणायची. आजीच्या मते कोय नीट कापली जाणं हा अर्धा लोणच्याचा गुण.

मंडईला खरा धक्का बसला तो घाऊक बाजार गेला तेव्हा. गाड्या, आडते, हमाल, सगळा व्याप गुलटेकडीला मार्केट यार्डात हलला. तेव्हापासून मंडईचा दिवस मंडईत सुरू होत नाही. पहाटे तीन-साडेतीनला गाळेवाले गुलटेकडीला जातात. तिथे पालेभाजीचा भाव शेकड्यात बोलतात, शंभर जुड्यांचा. माल टेम्पोत भरायचा, इथे आणायचा, निवडायचा, पाणी मारायचं, पायऱ्या रचायच्या. आठ वाजता आपल्याला जी हिरवी भिंत दिसते तिच्यामागे पाच तासांचं काम असतं. जकात गेली, पण शेतकऱ्याची गाडीभाड्याची गोष्ट मात्र काही फार जुनी झालेली नाही. टोमॅटो रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या आपण दर दोन-तीन वर्षांनी वाचतोच. आडत्या, तोलणार, हमाल या साखळीतला हमाल तेवढा थोडा ताठ उभा राहिला. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, आणि पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रांत आजही स्वस्तात पोटभर जेवण मिळतं. फुल्यांना मंडईपेक्षा ही भाकरी जास्त आवडली असती असं मला वाटतं.

लहानपणी मंडईतही पाटीवाल्या बाया असायच्या. पिशव्या जड झाल्या की त्यांच्या पाटीत टाकायच्या आणि त्या आपल्यापुढे चालत घरापर्यंत यायच्या. आजोबांनी कधी पाटी केली नाही. काटकसर की संकोच, मला कळलं नाही.

भाजी झाली की आजोबा मोकळे, मग आजीची पाळी. ती दुसऱ्या दिवशी वेगळी निघायची, तुळशीबागेत. मंडईपासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे पुरुषांचं काम नाही. तुळशीबाग म्हणजे मुळात रामाचं देऊळ. पेशवाईतले पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं, आणि बागेवरून घराण्याचं आडनावच तुळशीबागवाले पडलेलं. देवळाभोवती दुकानं चढत गेली आणि आता बांगड्या, भातुकली, पितळी देव, केसांच्या पिना यांच्या गर्दीत राम शोधावा लागतो. आजी आधी रामाला हात जोडायची, मग भांडेवाल्याशी भांडायची.

आणि मंडईच्या दाराशीच आर्यन होतं. १९१५ मध्ये सुरू झालेलं, पुण्यातलं पहिलं पक्कं सिनेमागृह. मी शाळेत असतानाच ते पाडलं. तिथे आता गाड्या उभ्या राहतात, आणि त्या वाहनतळाला लोक अजून 'आर्यन' म्हणतात. जवळच्या दुसऱ्याला 'मिनर्व्हा'. तिथेही थिएटरच होतं. "गाडी मिनर्व्हाला लावलीय" असं विशीतली पोरं सांगतात, तेव्हा मला उगाच तिकीट काढावंसं वाटतं.

ती गाडी लावायला जागा मिळेना, हेच माझं मंडई सुटण्याचं कारण. लग्नानंतर कोथरूडला आले, पहिली काही वर्षं नेमानं जायची. मग महिन्यातून एकदा, मग भोगीला आणि गणपतीला. मग फोनवर भाजी मागवायला लागले. मेथी, नेमकी अडीचशे ग्रॅम, पंधरा मिनिटांत दारात. एकदा आली ती आतून काळी पडलेली. तक्रार केली तर पैसे लगेच परत आले, माफीचा मजकूरही आला. भांडायला कुणी नव्हतं. मेथी वाईट निघण्यापेक्षा त्याचाच मला जास्त राग आला. मंडईत असती तर मी ती जुडी घेऊन परत गेले असते, वरून आवाज आला असता, "ताई, काल नेली आन आज आणता व्हय?", मीही दोन शब्द ऐकवले असते, आणि शेवटी एक ताजी जुडी आणि चार मिरच्या मिळाल्या असत्या.

२०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो मंडईपर्यंत धावायला लागली, आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी दोन कापडी पिशव्या घेऊन निघाले. वनाज मार्गावरून सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. फलाटावर उतरले, सरकते जिने चढत वर आले. मंडईला आत्तापर्यंत मी शनिपाराकडून आले होते, लक्ष्मी रस्त्याकडून आले होते, पण जमिनीखालून कधी आले नव्हते.

आत शिरले. पहिल्या फेरीत काही घेतलं नाही.

आजोबांच्या बाईंचा गाळा मी विसरले असेन असं वाटलं होतं, पण पायांनी बरोबर नेलं. वर त्यांची सून बसली होती, माझ्याच वयाची, चष्मा लावलेली. शेजारी काट्याजवळ मोबाइलवर पैसे घ्यायची पाटी. मी मास्तरांची नात, असं सांगितलं. तिनं मास्तरांना पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं होतं. "आमच्या मालकांची गणितं घ्यायचे ना? ते अजून सांगतात. सत्तावीस नव्वे विचारायचे म्हणं." मालक बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मंडईत फारसे बसलेच नाहीत. सासूनंतर गाळा हिनंच चालवला.

"आता पुढं कोण?" मी विचारलं.

"पोरगा नको म्हणतो." तिनं वांगी काट्यात टाकत सांगितलं. "पहाटे तीनला उठायचं, दिवसभर मांडी घालून बसायचं. पुढच्या महिन्यात त्याची कंपनी त्याला हैदराबादला पाठवतीय. शिकलाय, नको म्हणणारच की." तक्रारीचा सूर नव्हता. मग जरा थांबून म्हणाली, "सुनेला मात्र आवडतं हितं. रविवारी येऊन बसती. बघू."

काटा बरोबर झाल्यावर तिनं आणखी एक वांगं वर टाकलं. पावटा, गाजर, अर्धा किलो गवार घेतली. गवार आजोबांसाठी, म्हणजे त्यांच्या आठवणीनं. आमच्या घरी कुणी खात नाही. पैसे दिले, तर मोबाइलमधून बाईच्या आवाजात रक्कम जाहीर झाली आणि शेजारच्या गाळ्यावरच्या माणसानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मंडईत भाव खासगी राहिलाच कधी होता?

"कोथिंबीर देऊ?"

घरी होती. त्या आठवड्यात तिचे भावही चढलेले. "नको," म्हटलं.

"नको कसं? मास्तरांची नात पहिल्यांदा आलीय." तिनं अर्धी जुडी मोडली आणि वरूनच माझ्या पिशवीत टाकली.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. पिशव्या पायांशी ठेवल्या. थंड हवेच्या त्या बंद डब्यात दोन स्टेशनं जाईपर्यंत कोथिंबिरीचा वास भरून राहिला. समोरच्या मुलीनं कानातलं यंत्र काढलं, वास कुठून येतोय ते शोधलं, आणि माझ्या पिशवीकडे बघत विचारलं, "काकू, मंडईतून का? कशी दिली?"

मी भाव सांगितला. आधी वाजवीपेक्षा पाच रुपये कमी सांगितला, मग खरं काय ते सांगितलं.